हात लावू नये

ताडकळसच्या पुढं डांबरी रस्ता सोडून माळाला लागलं की धनगरांची एक वाडी आहे. त्या वाडीत तिशी ओलांडलेलं जे कुणी म्हणून आहे, ते या जगात पहिल्यांदा तानुबाईच्या हातात आलेलं आहे. हे ती स्वतः कधी सांगत फिरली नाही, सांगायची गरजही नव्हती. लग्नात नवरदेव आधी देवाच्या आणि मग तिच्या पाया पडायचा. भांडणात एखादा गडी फारच चढायला लागला, तर ती एवढंच म्हणायची, "तुजं टाळकं सगळ्यात आदी म्या बगितलंय रं बाबा, लय वर नको करू." गडी जागच्या जागी गार व्हायचा.

तिचा हात बसला तो आधी मेंढ्यांवर. लग्न होऊन आली तेव्हा घरचं मेंढरांचं खांड वर्षातले आठ महिने बाहेर असायचं. आज या शिवारात, उद्या त्या. रानात मेंढी अडली की सासू तिला पुढं करायची, कारण तिचा पंजा लहान होता. कोकरू आडवं असो की पायाळू, तानुबाई डोळे मिटून आत काय आहे ते चाचपायची आणि हलक्या हातानं सोडवून आणायची. पुढं सासू थकली आणि वाडीतल्या बायाही तिच्याच हाती आल्या. त्या काळात रस्ता नव्हता, गाडी नव्हती, नदीला पाणी आलं की दवाखाना परमुलखात गेल्यासारखा. तानुबाई होती म्हणून कितीतरी जणी वाचल्या, यात कुणाचं दुमत नाही.

मग रस्ता झाला, फोन आले, आशाताई आली, बाळंतपणाला न्यायला दारात गाडी यायला लागली. चांगलंच झालं. तानुबाईही चांगलंच झालं म्हणायची. पण माणसाचा हात रिकामा झाला की मन जरा वाकडं चालायला लागतं. तिच्याकडं आता एकच काम उरलं होतं, ते म्हणजे ग्रहण. दवाखाना ग्रहणाला मानत नाही आणि वाडी दवाखान्याला तेवढ्यापुरती मानत नाही. ग्रहण लागलं की पोटुशी बाई तानुबाईच्या घरात अंधाराला बसायची. चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही. सुटलं की नेसत्या लुगड्यानिशी अंगावर पाणी. वाडीतल्या लक्ष्मीबाईनं एका ग्रहणात मेथी चिरली आणि पोराचा ओठ फाटका निघाला, हा दाखला तानुबाई प्रत्येकीला द्यायची. मेथी चिरूनही ज्यांची पोरं धड निघाली त्यांचे दाखले कुणीच देत नाही, ही जगाची जुनी खोड आहे.

तिची सून शालू म्हणजे तिच्याच भावाची, पिंगळीच्या ग्यानबाची लेक. मामाची पोरगी करायची रीतच आहे या लोकांत. पण तानुबाईचा जीव नुसत्या रीतीपुरता नव्हता. शालूच्या जन्माच्या वेळी ती माहेरी होती आणि शालू पायाळू आली होती, निळी पडलेली, रडेना. ग्यानबानं तर खड्डा खणायला कुदळ काढली होती. तानुबाईनं तिला उलटी धरली, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली आणि रडवली. म्हणून शालू सासरी आली तरी सासूला आत्याच म्हणायची आणि तानुबाई तिला माय म्हणायची. सासूसुनेचं एवढं पटतं हे बघून वाडीतल्या बायांना पोटदुखी व्हायची.

उणीव एकच होती. जिनं सगळ्या वाडीची पोरं काढली, तिच्या घरात पाळणा हलत नव्हता. नवस झाले, परभणीचे दवाखाने झाले, वर्षांवर वर्षं गेली. आणि आशा सोडल्यावर शालूला दिवस गेले. तानुबाईचा मुलगा परमेश्वर ताडकळस-परभणी जीप चालवायचा. त्या दिवशी त्यानं ओळखीच्या सगळ्यांना फुकट बसवून नेलं. तानुबाईनं शालूला हंडा उचलू दिला नाही, केर काढू दिला नाही. शालू वैतागून म्हणायची, "आत्या, म्या काय काचंची हाय व्हय?"

"हाईसच," तानुबाई म्हणायची.

हरभरा घाट्यावर आला होता त्या दिवसांतली गोष्ट. तानुबाईचा नवरा आश्रुबा खांड घेऊन वाडीजवळच्याच माळावर होता. शालूला पाचवा लागला होता आणि घरात बसून ती कंटाळली होती, म्हणून त्याची भाकर घेऊन तीच गेली. ऊन टळटळीत होतं. वर बघते तर आभाळातून नारिंगी छत्री उतरतेय आणि छत्रीखाली एक पेटी लोंबतेय. कसला आवाज नाही, धूर नाही. पेटी बाभळीला घासून खाली आली आणि छत्री काट्यात अडकली. मागून माळभर पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या प्लास्टिकचे पट्टे येऊन पडले.

आश्रुबा लांब होता. शालू आधी पोचली. धनगराची पोरगी ती, भ्यायची नाही. तिनं कमरेचा विळा काढून दोऱ्या कापल्या आणि पेटी मोकळी केली. पेटी एवढ्या उन्हातही गारढोण होती. शालूला बरं वाटलं. तिनं दोन्ही तळवे पेटीवर टेकवले, मग नारिंगी कापड डोक्यावर घेऊन आश्रुबा येईपर्यंत तिच्यावरच बसून राहिली.

ती पेटी घरी आणताना आश्रुबाच्या डोक्यात एकच विचार होता. कापड झकास आहे, कोकरांच्या वाड्यावर टाकता येईल. त्यानं ते कापलंही. शेजारच्या सविताला त्यातला तुकडा मिळाला, तिनं उशीची खोळ शिवली. संध्याकाळी परमेश्वर आला. त्यानं पेटीवरची पाटी वाचली आणि त्याचा चेहरा उतरला.

"आये, हिला कुनी हात लावलाय?"

"काहून रं?"

"हात लावू नये असं लिवलंय. पोलिसाला कळवा म्हनून लिवलंय. आन् हितं बग, एक्सरे."

परमेश्वर बारावीपर्यंत शिकला होता. जीपमधून पेशंट नेऊन नेऊन त्याला दवाखान्याच्या भिंती पाठ झाल्या होत्या. एक्सरेच्या खोलीबाहेर काय लिहिलेलं असतं, ते त्यानं सांगितलं. गरोदर बायांनी आत येऊ नये. का? पोटातल्या पोराला ते लागतं, म्हणून.

तानुबाईनं एकेक आठवलं. आभाळातून आलेली वस्तू, शालूच्या हातात विळा, दोऱ्या कापलेल्या, वर तिच्यावर बसलेली. ग्रहणात करू नये ते सगळं एका दमात झालं होतं. तिनं शालूला ओढत न्हाणीत नेलं आणि नेसत्या साडीनिशी तिच्यावर घागरीमागून घागरी ओतल्या. शालू कुडकुडत उभी राहिली आणि तिला हसावं की रडावं कळेना.

पोलिसाला कळवायचं कुणीच म्हणालं नाही. कापड कापलं होतं ना. सरकारी कापड कापलं म्हणजे खटला, अशी आश्रुबाची समजूत. बापलेकांनी पेटी उकिरड्यात खोल पुरली, वर शेणखत लोटलं आणि विषय मिटवला. पुढच्या बाजाराला आश्रुबा बोकड विकायला ताडकळसला गेला, तेव्हा तिथं एक जीप भोंगा लावून फिरत होती. आभाळातून पडलेली पेटी कुणाला सापडली असेल तर सांगा, घाबरू नका, कुणाला काही होणार नाही. आश्रुबानं सगळं ऐकलं, बोकड विकला आणि मुकाट घरी आला. तानुबाईला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "मंग बोलला काहून न्हाईत?"

"कापड कापलंय की आपून."

एका वीतभर कापडाचं भय! त्या माणसाला तिथंच कुणीतरी धरून जीपपुढं उभं करायला हवं होतं, असं आज कुणालाही वाटेल. पण गरीब माणूस पोलिसाला भितो, त्याला कारणंही असतात. ती कारणं त्याच्या पाठीवर असतात, आपल्या नाही.

आठवडाभरात खांडातल्या दोन मेंढ्या पोट फुगून मेल्या. माळावर प्लास्टिकचे पट्टे पडलेले होतेच, पण तिकडं बघतो कोण. वाडी म्हणाली, एक्सरे लागला. जनावराला लागला, तर पोटातल्या जिवाचं काय?

तानुबाईनं शालूला परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं पडद्यावर बघितलं आणि सगळं ठीक आहे म्हणाली. तानुबाईनं धीर करून विचारलं, "बाई, पोटुशीला एक्सरे लागला तर?"

"गरोदरपणात एक्सरे काढायचा नसतो, आजी. काढलाय का कुठं?"

खरं सांगायचं तर पेटी सांगावी लागली असती, आणि पेटीमागून कापड. तानुबाई म्हणाली, "न्हाई, बाई. उगं इचारलं."

"मग झालं तर. न्या घरी."

डॉक्टरीणबाई बोलली त्यात काही चूक नव्हतं. बाहेर मोठी रांग होती. तानुबाई मात्र त्या उत्तरातून नेमकी भीतीच तेवढी घेऊन उठली. डॉक्टरसुद्धा म्हणते, लागतो.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले, ते तिचं तिला ठाऊक. लक्ष्मीबाईचा पोरगा फाटक्या ओठानं वाडीत हिंडायचा, त्याला पोरं चिडवायची. तिनं मेंढ्यांची नाना तऱ्हेची पिलं बघितली होती, डोळे नसलेली, पाय जुळलेली. डोळे मिटले की ती दिसायची. माझ्या शालूच्या पदरात असलं आलं तर जन्मभर उरावर धोंडा. आम्ही म्हातारी माणसं आज आहोत, उद्या नाही. यात दुष्टावा नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. असता तर ही गोष्ट एवढी जड झाली नसती.

एके सकाळी तिनं शालूला जवळ बसवलं आणि काय करायचं ते सांगितलं.

शालूनं दोन्ही हात पोटावर ठेवले. "आत्या, ते चांगलं हाय वो. मला कळतंय. हालायलंय ते."

"हालतंय म्हनून धड असतं व्हय, माय? तुला बग, हालत न्हवतीस, तरी धड निघालीस. माज्या हाताला कळतंय गं. मला इतकी वर्सं झाली."

शालू पुष्कळ रडली. परमेश्वर बाहेर जीप पुसत राहिला. दुपारी शालू म्हणाली, "तुमीच मला जगात आनलं. तुमी म्हनायलाव तर तसं."

लांबच्या एका गावात अशा कामाचं औषध देणारी बाई होती. तिचं नाव सांगण्यासारखं नाही. तानुबाई शालूला घेऊन गेली आणि घेऊन आली. जे व्हायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरात झालं. दार लावलेलं, उन्हाची तिरीप फटीतून आत आलेली. शालू शुद्धीत-बेशुद्धीत. तानुबाईनं हात पुढं केले, आयुष्यभर केले तसेच.

मुलगी होती. तळहातावर मावेल एवढी. तानुबाईनं तिला त्या तिरपेत धरलं आणि खोट शोधली. ओठ बघितले. पाठ बघितली. कान, पाय, बोटं. मेंढीचं पिलू चाचपावं तसं सगळं चाचपलं, पुन्हा पहिल्यापासून चाचपलं. कुठं काही नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं. कपाळ तेवढं शालूचं होतं, ग्यानबाच्या घरात तिनं उलटं धरलं होतं तेच. हिला मात्र फुंकर घालून उपयोग नव्हता.

"आत्या," शालूनं क्षीण आवाजात विचारलं, "कसं व्हतं?"

तानुबाईनं लेकराला फडक्यात गुंडाळलं.

"पोरगी व्हती, पन नीट न्हवती, माय. हाताला बोटं न्हवती. बरं झालं, गेलं ते."

शालूनं हुंदका दिला, पण थोड्या वेळानं तिचा चेहरा सैल पडला आणि तिला झोप लागली. ते बघून तानुबाईला क्षणभर आपण बरोबरच बोललो असं वाटलं.

खोटं एकदा दाराबाहेर पडलं की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. शालूनंच ते वाडीभर केलं. आत्यानं वेळीच ओळखलं, दवाखान्याला कळलं नाही ते आत्याच्या हाताला कळलं. बाया पुन्हा तानुबाईच्या ओट्यावर यायला लागल्या. कुणी दूध आणून दिलं, कुणी साडीचोळी. ज्या मानासाठी ती मनातल्या मनात झुरत होती, तो घर पुसत दारी आला होता. तानुबाईनं आलेली साडीचोळी घडी न मोडता फळीवर टाकून दिली.

आणि मग सविता आली. उशीची खोळ शिवणारी. तिला तिसरा महिना संपत आला होता.

"तानुमावशी, माजंबी बगा. त्या कापडावर झोपलेय म्या."

"तुला काय व्हत न्हाई. जा घरी."

"मंग शालूवैनीला कसं झालं? त्या तर येकच डाव बसल्या त्या पेटीवर. म्या तर रोज उशाला घेतलंय." सविता रडायलाच लागली. "आमच्या सासूबाई म्हनायल्यात, त्या औषधवाल्या बाईचं गाव इचारून ये."

तानुबाईकडं याला उत्तर होतं. एका वाक्याचं. पण ते वाक्य सविताला सांगितलं की संध्याकाळपर्यंत शालूच्या कानावर जाणार.  "जरा दम धर," एवढंच ती म्हणाली. "म्या सांगितल्याबिगर कुटं जाऊ नको. शपथ हाय तुला माजी."

त्याच दिवशी तिनं आश्रुबाला पोलीसपाटलाकडं पिटाळलं. "किशनरावला सांगून या. पेटी हाय म्हनावं, उकिरड्यात."

"अगं, पोलीस धरतेल."

"धरू द्या."

तिचा हिशेब साधा होता. ज्यांची पेटी ती माणसं येतील, सविताला काय ते सांगतील, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. एक जीव वाचेल आणि झाकलेलं झाकलेलंच राहील. मोठ्या चुकीनंतर माणूस असलाच मधला रस्ता शोधत असतो.

किशनरावांनी आधी आश्रुबाला शिव्या हासडल्या आणि मग फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. हैदराबादकडून फुगे सोडून आभाळाचा अभ्यास करणारी माणसं होती ती. त्यांच्यात राजेश्री मॅडम म्हणून मराठी बोलणाऱ्या एक बाई होत्या, केस पिकायला लागलेल्या. कापडाचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. उकिरडा उकरल्यावर पेटीचा कोपरा दिसला, तशा त्या पुढं झाल्या आणि उघड्या हातांनी पेटी बाहेर काढून आपल्या ओढणीनं पुसायला लागल्या. जमलेली सगळी वाडी एक पाऊल मागं सरली.

"अवो बाई, हात नगा लावू!" सविता ओरडली. "एक्सरे लागतंय!"

मॅडम थांबल्या. "एक्सरे लागतोय? कोण म्हणालं?"

"पाटीवरच लिवलंय की," परमेश्वर म्हणाला. "हात लावू नये म्हनून."

"अहो, ते पेटीच्या काळजीनं लिहिलंय, तुमच्या नाही," मॅडम म्हणाल्या. "आत आरसे आहेत. बोटाचा डाग पडला तरी बिघडतात. ही पेटी एक्सरे सोडत नाही दादा, ही नुसती बघते. आपला डोळा उजेड बघतो, पण डोळ्यातून उजेड बाहेर पडतो का? तशी ही. ताऱ्यांमधून काही उजेड असा येतो, जो आपल्याला दिसत नाही. एक्सरे, अतिनील किरणं. तो टिपायला आम्ही एक उपग्रह बांधतोय, आमच्याकडचा पहिलाच. त्यात ही बसवायची होती. त्याआधी फुग्यातून वर पाठवून बघितली."

"मंग वरून ते खाली येतच आसंल की," आश्रुबा म्हणाला. "ताऱ्याचं."

"नाही येत. हवा अडवते. ताऱ्यांचा तो उजेड जमिनीपर्यंत पोचतच नाही, म्हणून तर एवढ्या उंच जावं लागतं. या पेटीजवळ कुणी बसलं, झोपलं, वर्षभर उशाला घेतली तरी काही होत नाही. पाटलांनी सांगितलं त्या मेंढ्यांनी मात्र फुग्याचं प्लास्टिक खाल्लं असेल, त्यानं पोट फुगतं. ती आमची चूक, भरपाई देऊ."

सवितानं पोटावर हात ठेवला आणि तिथंच खाली बसून मोठ्यानं रडली. सुटल्यासारखी. तानुबाईनं ते बघितलं. जमलं, तिला वाटलं. झालं काम. पण हवा अडवते, हे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. अंधाऱ्या घरात पाण्यावाचून बसवलेल्या कितीतरी जणी तिच्या डोळ्यांपुढं आल्या. आयुष्यभर ती दाराला घोंगडी लावून ज्याला अडवत होती, ते तसलं काही खाली आलेलंच नव्हतं.

शालू कोकरांच्या वाड्यापाशी उभी होती. तिथून ती चालत आली आणि तानुबाईपुढं थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"आत्या, मंग तिला बोटं काहून न्हवती?"

 राजेश्री मॅडमनी एकदा शालूकडं आणि एकदा म्हातारीकडं बघितलं. काय झालं असावं ते त्यांच्या ध्यानात आलं असेल, नसेल. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कधीकधी होतं तसं बाळाला. दुसरी पुष्कळ कारणं असतात."

सुटकेचं दार उघडं होतं. तानुबाईनं नुसती मान हलवायची होती. देवाची करणी म्हणायचं होतं, शालूनं मानलं असतं. पण खाली बसलेल्या सविताचं रडं थांबलं होतं आणि ती मान वर करून तानुबाईच्या तोंडाकडं बघत होती. मॅडम शहराच्या, आज आल्या, उद्या जातील. सविताला खरं मानायचं होतं ते तानुबाईचं.

"व्हती," तानुबाई म्हणाली.

"काय व्हती?"

"बोटं. समदी व्हती, माय. कायबी कमी न्हवतं तिच्यात. म्या खोटं बोलले."

शालू ओरडली नाही, अंगावर धावली नाही.  ती घरात गेली, पिशवी भरली आणि सडकेच्या दिशेनं चालायला लागली. परमेश्वर जीप घेऊन मागं गेला, पण ती त्याच्या जीपमध्ये बसली नाही. एसटीनं पिंगळीला बापाकडं गेली. किशनरावांनी यातलं काहीच ऐकलं नाही असं केलं. पेटी जीपमध्ये चढली. शेणाच्या ओलीनं आतले आरसे गेले होते, ती आता उपग्रहात जाणार नव्हती. 

ग्यानबानं बहिणीला निरोप धाडला, या दारात पाय ठेवू नको. भाऊबीजेचं ताट त्या वर्षापासून बंद झालं. सविता परभणीच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगा झाला, धडधाकट. तिच्या घरून तानुबाईला पेढे आले. बाळ ओट्यावर आणून लांबून दाखवलं, पण तिच्या हातात दिलं नाही. तिनंही मागितलं नाही. त्यानंतर एक ग्रहण येऊन गेलं, तेव्हा तिनं दार सताड उघडं ठेवलं आणि ओट्यावर बसून राहिली. तिच्याकडं कुणी आलं नाही.

शालू मात्र परत आली. बापाचं घर जन्माला पुरत नाही, हे या मुलखातल्या बायांना कुणी शिकवावं लागत नाही. आली ती सून म्हणून आली, भाची तिकडंच राहिली. घरातली सगळी कामं करते. म्हातारीला वेळेवर भाकर देते, दुखलंखुपलं बघते, उलटून शब्द बोलत नाही. तानुबाई तिला अजून माय म्हणते. शालू ताट पुढं सरकवते आणि म्हणते, "जेवा, सासूबाई."